चिठ्ठीवर उरलेला अवयव

संग्रहालयाच्या खणात ठेवलेल्या पक्ष्याच्या नमुन्यात पिसे असतात, चोच असते, पाय असतात आणि पोटात कापूस असतो. हृदय, यकृत, आतडी ज्या संध्याकाळी पक्षी सोलला त्याच संध्याकाळी तंबूमागे फेकलेली असतात. त्यांच्यासोबत त्याचे वृषण किंवा अंडाशयही गेलेले असते. रंगाचा, पंखाच्या लांबीचा, चोचीच्या बाकाचा पुरावा शंभर वर्षांनीही हातात घेऊन तपासता येतो. प्रजननाचा पुरावा मात्र पायाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर एखाद्या खुणेच्या आणि एक-दोन आकड्यांच्या रूपाने उरतो. सती नदीच्या काठचे कुरखेडा, त्याच्या शेजारच्या गेवर्धा, पळसगड या जुन्या जमीनदाऱ्या आणि पूर्वेकडे छत्तीसगडात शिरणारे जंगल हा सगळा मुलूख 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा होईपर्यंत चांदा (पुढे चंद्रपूर) जिल्ह्यात होता. मध्य भारतातल्या अशा जंगलांतले पक्षी केव्हा आणि कसे प्रजनन करतात हे माणसाने कोणत्या मार्गाने जाणून घेतले, याचा इतिहास लिहायचा तर तो या चिठ्ठ्यांचा इतिहास होतो. या चिठ्ठ्यांत जी मोठी पोकळी दिसते, ती जंगलाने ठेवलेली नाही. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या दौऱ्यांनी ठेवली आहे, हे मला येथे दाखवायचे आहे.

पक्ष्याचे पोट उघडावे का लागते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक सस्तन प्राण्यांत नर-मादी बाहेरून ओळखू येतात. पक्ष्यांत मल, मूत्र आणि प्रजनन या तिन्हींसाठी अवस्कर हे एकच द्वार असते, आणि बहुतेक जातींत नराला बाहेरून दिसणारे लिंगच नसते. मोर, सुगरण, रानकोंबडा यांच्यात पिसारा उत्तर देतो. पण घुबडे, गिधाडे, सातभाई, बुलबुल यांच्यात नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून डाव्या कुशीला छेद द्यायचा, आतडी अलगद बाजूला सारायची आणि मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी पाहायचे. तेथे घेवड्याच्या दाण्यासारखे दोन वृषण दिसले तर नर. एकाच बाजूला, डावीकडे, रवाळ अंडाशय दिसले तर मादी. कारण बहुतेक पक्ष्यांत उजवे अंडाशय आणि उजवी अंडनलिका वाढतच नाहीत. दिवसा शिकार करणाऱ्या अनेक पक्ष्यांत दोन्ही अंडाशये असतात, त्यामुळे तेथे नवखा माणूस चुकू शकतो. नर की मादी हा या तपासणीचा पहिला आणि सोपा भाग झाला. खरी माहिती आकारात असते. हंगाम नसताना वृषण मोहरीएवढे होऊन बसतात, हंगामात त्यांचे आकारमान काही जातींत शेकडो पटींनी वाढते. मादीने आयुष्यात अंडे घातलेच नसेल तर अंडनलिका सरळ आणि बारीक असते. एकदा घातले की ती रुंद आणि नागमोडी होते. अंड्यावर आलेल्या मादीच्या अंडाशयात लहानमोठे पिवळे बलक चढत्या क्रमाने लागलेले असतात. ज्या घरात अंडी देणारी कोंबडी कापली गेली आहे, तेथे स्वयंपाक करणाऱ्या बाईने ते पाहिलेले असतात. सर्वांत मोठा बलक लवकरच सुटणार, त्याच्या मागचा त्यानंतर, असा तो क्रम असतो. म्हणजे एका छेदात त्या पक्ष्याचा मागचा हंगाम, आजची अवस्था आणि पुढचे काही दिवस एकदम वाचता येतात.

ही दृष्टी युरोपात हळूहळू तयार झाली. पादुआच्या फाब्रिशियसचा कोंबडीच्या अंड्यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1621 मध्ये प्रसिद्ध झाला. अवस्कराजवळची एक पिशवी त्याने त्यात दाखवली आणि ती नराचे वीर्य साठवते असे ठरवले. ती पिशवी रोगप्रतिकाराशी निगडित आहे हे 1956 मध्ये कळले. जागेवरून कार्य ठरवले की काय होते, याचा हा मोठा धडा आहे. लंडनच्या जॉन हंटरने अठराव्या शतकात चिमण्यांचे वृषण हिवाळ्यापासून वसंतापर्यंत क्रमाने काढून ठेवले आणि ते कसे फुगत जातात हे डोळ्यांपुढे मांडले. त्याचे निरीक्षण 1786 मध्ये छापले गेले. तारखेला अवयवाशी जोडण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते. भारतात मात्र एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ वेगळ्याच पद्धतीत गेला. ती होती घरटी आणि अंडी गोळा करण्याची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने देशभरातल्या अधिकाऱ्यांकडून घरट्यांच्या नोंदी मागवल्या आणि 1873 मध्ये त्यांचा मोठा संग्रह छापायला सुरुवात केली. त्यात झाशी, सागर, रायपूर या भागांतून नोंदी धाडणारा एफ. आर. ब्लेविट पुन्हा पुन्हा भेटतो. विल्यम ब्लॅनफर्ड भूगर्भ सर्वेक्षण खात्यात असताना चांद्यापासून गोदावरीकडे उतरणाऱ्या प्रदेशात फिरला, दगडांबरोबर पक्षीही जमवत गेला, आणि पुढे ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेतले पक्ष्यांचे शेवटचे दोन खंड त्यानेच 1895 आणि 1898 मध्ये पूर्ण केले.

अंडे हा चांगला पुरावा आहे, पण तो बाहेरचा पुरावा आहे. घरट्यात सापडलेले अंडे कोणाचे, हा प्रश्न चातकाने आणि पावशाने संग्राहकांपुढे उभा केला. दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, आणि ती अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की घरट्यात डोकावून निर्णय करता येत नाही. अशा वेळी मारलेल्या मादीच्या अंडनलिकेतून निघालेले अंडे हाच निर्विवाद पुरावा मानला जाई. अंडी गोळा करणाऱ्यांनाही शेवटी शरीराच्या आत जावे लागले, ते असे. ह्यूमने 1874 मध्ये भारतातल्या पक्षीसंग्राहकांसाठी एक लहान मार्गदर्शिका काढली. पक्षी कसा सोलावा, कसा वाळवावा, कसा बांधून पाठवावा हे त्यात सांगितले होते. त्याचा स्वतःचा संग्रह 1885 मध्ये ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला तेव्हा त्यात सुमारे 82,000 नमुने होते. या अवाढव्य कामात एक गोष्ट मला टोचत राहते. पक्षी सोलणारे हात बहुतेक वेळा पगारी हिंदी नोकरांचे असत. वृषण की अंडाशय, हे पहिल्यांदा त्यांनी पाहिले. चिठ्ठीवर नाव मात्र साहेबाचे लागले. ज्या शब्दावर आज आपण विश्वास ठेवतो, तो शब्द कोणाच्या नजरेने ठरला हे त्या कागदावर लिहिलेलेच नाही.

मग अशा चिठ्ठीवर विश्वास ठेवावा तरी का? हा आक्षेप हवेतला नाही. त्याला आपल्याच मुलखातले सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. डिसेंबर 1872 मध्ये ब्लेविटने कुरखेड्याच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझरच्या जंगलात एक छोटे घुबड मारले. ह्यूमने 1873 मध्ये त्याला ब्लेविटचे नाव दिले. मराठीत तो रानपिंगळा. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात शहाद्याच्या परिसरात त्याचे आणखी नमुने मिळवले. त्यानंतर फक्त एक नमुना नोंदला गेला. रिचर्ड माइनर्टझहागेनने तो ऑक्टोबर 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मारल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते. पक्षी पुन्हा दिसेना, तेव्हा डिलन रिप्ले यांनी 1976 मध्ये त्याच्यावर लेख लिहून प्रश्न पुन्हा पुढे आणला. 1990 च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रे आणि सोलण्या-भरण्याची ढब पाहता तो डेव्हिडसनच्या हातचा निघाला. संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला तो चोरीचा माल होता. खोटी चिठ्ठी बाजूला पडल्यावर शोध खऱ्या जागांवर केंद्रित झाला आणि 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. आक्षेप घेणारा म्हणेल, एका चिठ्ठीने इतके फसवले तर बाकीच्या हजारोंचे काय? मी या घटनेतून उलट निष्कर्ष काढतो. फसवणूक उघड झाली ती कातडी आणि चिठ्ठी या दोघांना एकमेकांसमोर उभे केल्याने, आणि डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्या प्रामाणिक असल्याने. त्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनीच शोधकांना शहाद्यापर्यंत नेले. चिठ्ठी हा साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते, एक खोटा निघाला म्हणून सगळ्यांना हाकलायचे नसते.

या साक्षीदारांचा खरा दोष खोटेपणा हा नाही. ते वर्षाच्या एका बाजूलाच हजर होते, हा आहे. साहेबांच्या दौऱ्याचा हंगाम थंडीचा. पाऊस ओसरल्यावर तंबू निघत, उन्हाळा तापला की परत फिरत. पावसाळ्यात वैनगंगेच्या पूर्वेकडचे नाले भरत, बैलगाडीची वाट बंद होई आणि हिवतापाच्या भीतीने जंगलात कोणी मुक्काम करत नसे. ब्लेविटचा रानपिंगळा डिसेंबरचा आहे हा योगायोग नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये मारलेल्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य लहान पक्ष्यांचे वृषण तेव्हा आकसलेले असतात, आणि त्यांच्या चिठ्ठ्या प्रजननाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. सुगरण जून ते सप्टेंबरात विणते, चातक पावसाबरोबर येतो, सातभाई आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले पावशे उन्हाळ्याच्या शेवटापासून पुढे सक्रिय होतात. म्हणजे या जंगलाचा सर्वांत गजबजलेला प्रजननकाळ नेमका तोच, जेव्हा चिठ्ठी लिहिणारा मुंबईत, नागपुरात किंवा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी होता. घुबडे, गिधाडे आणि काही सुतार यांचे काम थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालते; त्यांच्याबद्दलच्या नोंदी त्या मानाने बोलक्या आहेत. जुन्या ग्रंथांत एखाद्या पक्ष्याच्या हंगामापुढे मोघम महिने दिलेले दिसतात, तेव्हा पक्षी अनियमित होता असे मानण्याआधी माणूस तेथे कधी होता हे विचारावे.

विसाव्या शतकात ही उणीव ओळखली गेली. कॅनडात एडमंटन येथे विलियम रोवनने 1924 च्या हिवाळ्यात जुंको नावाच्या लहान पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवून विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस लांबवला. बर्फात, ऐन थंडीत त्यांचे वृषण फुगले. दिवसाची लांबी पक्ष्याच्या पोटातल्या अवयवाला हलवते हे त्यामुळे सिद्ध झाले. परंतु कुरखेड्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सुमारे अडीच तासांचाच फरक असतो. कॅनडाचे उत्तर येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही. पाऊस, किडे आणि गवताचे बी यांचा वाटा किती, हे येथेच तपासावे लागते. ते तपासायला हवे होते स्थानिक आकडे. बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून आलेल्या सालिम अलींनी 1931-32 मध्ये निजामाच्या राज्याचे पक्षीसर्वेक्षण केले. वर्धा आणि प्राणहिता ओलांडली की त्या राज्याचा आदिलाबाद जिल्हा लागायचा, म्हणजे ते चांद्याचे शेजारचेच अंगण. त्या सर्वेक्षणांच्या वृत्तांतांत मारलेल्या पक्ष्याच्या प्रजनन-अवयवांची अवस्था ही नियमाने नोंदायची गोष्ट ठरली, आणि तिच्यावरून हंगामाविषयी अनुमाने काढली गेली. याच सालिम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात किहीमला सुगरणीची घरटी पाहत बसून, बंदूक बाजूला ठेवून, नर घरटे विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी जोडी जमवतो हे दाखवले. दोन पद्धती एकाच माणसाच्या हाती होत्या, आणि कोणती कुठे वापरायची हे त्याला कळत होते. इकडे नागपुरात 1863 मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे लोकांच्या अजब बंगल्याचे, ई. ए. डिअब्रू यांनी 1935 मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी मुंबईच्या एका निसर्गविषयक नियतकालिकात छापली. चांद्याच्या जंगलासाठी ती आजही पायाभूत आहे. यादी मात्र पक्षी आहे की नाही एवढे सांगते. तो येथे संसार करतो की थंडीपुरता पाहुणा आहे, हे सांगायला पोटातली नोंद लागते.

येथे एक न्याय्य आक्षेप येतो. गोंड आणि इतर जंगलवासी पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांसोबत राहिले आहेत. कोणत्या महिन्यात कोणाचे घरटे कोणत्या झाडावर, हे त्यांना कोणत्याही साहेबाआधी ठाऊक होते, मग चाकूची गरज काय? पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. ब्लेविटसारख्यांच्या कित्येक नोंदींमागे घरटे दाखवणारा स्थानिक माणूस असणार, आणि त्याचे श्रेय कागदावर आले नाही ही इतिहासाची मोठी चूक आहे. तरीही दोन प्रकारची माहिती एक नाही. घरटे दिसले म्हणजे प्रजनन चालू आहे हे कळते. घरटे दिसले नाही म्हणजे चालू नाही असे कळत नाही. उंच ढोलीत विणणारा पक्षी, जोडीदार न मिळालेली मादी, वयात न आलेला नर, त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंड्यावर आलेली जोडी यांचा हिशेब बाहेरून लागत नाही. माणसाच्या पाळीव कोंबडीबाबतही हे खरे आहे. जपानच्या मासुई आणि हाशिमोतो यांनी 1920 च्या दशकात एक दिवसाच्या पिल्लाचे अवस्कर उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची रीत बसवली, तोपर्यंत हजारो वर्षे कोंबड्या पाळणाऱ्या जगाला पिल्लू मोठे होईपर्यंत थांबावेच लागत होते. शिवाय या पद्धतीत पिल्लू जिवंत राहते. शरीराच्या आतले वाचायचे तर मारलेच पाहिजे असे नाही, हे तिने फार आधी दाखवून दिले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. इतके पक्षी मारणे योग्य होते का? नव्हते, निदान त्या प्रमाणात तर नव्हतेच. एका जातीचे दहा नमुने पुरत असताना शंभर मारले गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती पद्धत आपल्याकडे संपली आणि ती परत येऊ नये. पण मारलेले मारले गेले आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या न वाचता खणात ठेवणे म्हणजे त्या जिवांची दुसऱ्यांदा नासाडी करणे. रानपिंगळ्याचेच पुढचे पान पाहा. पुनर्शोधानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी एकही पक्षी न मारता, घरट्यांवर नजर ठेवून त्याचे प्रजनन अभ्यासले आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांना जागा दाखवली होती ती मेलेल्या पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांनी.

आता तिसरा आक्षेप, जो विज्ञानाच्या बाजूने येतो: डीएनए आल्यावर चिठ्ठीचे काय काम? पक्ष्यांत मादीची लिंगसूत्रे वेगवेगळी असतात आणि नराची सारखी, नेमके सस्तनांच्या उलट. 1990 च्या दशकात रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी या फरकावर आधारलेली चाचणी बसवली, तेव्हापासून एका पिसाच्या मुळावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून नर-मादी सांगता येतात. आपल्या मुलखासाठी याचे मोल मोठे आहे. गडचिरोलीच्या पूर्वेकडची उरलीसुरली गिधाडे आणि डायक्लोफिनॅकमुळे देशभर झालेला त्यांचा संहार सर्वांना ठाऊक आहे. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. गिधाडांचे संवर्धन-प्रजनन करायचे तर जोड्या लावाव्या लागतात, आणि गिधाड बाहेरून पाहून नर-मादी कळत नाहीत. घोरपडे, विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये भारतीय गिधाडांसाठी अशी रेणवीय ओळख प्रसिद्ध केली, हे त्या कामातले महत्त्वाचे पाऊल होते. मात्र डीएनए एवढेच सांगतो की ही मादी आहे. ती अंड्यावर आली होती का, तिने पूर्वी अंडे घातले होते का, मारली त्या दिवशी तिच्या अंडाशयात केवढा बलक होता, हे तो सांगत नाही, कारण ते वंशसूत्रात लिहिलेले नसते. विष्ठेतल्या संप्रेरकांवरून, सोनोग्राफीवरून, दुर्बिणीच्या नळीने आत पाहून आज जिवंत पक्ष्याची अवस्था बरीच कळते. 1872 च्या किंवा 1932 च्या पक्ष्याची अवस्था मात्र फक्त चिठ्ठी सांगते. पाऊस पुढे सरकतो आहे का, हंगाम बदलतो आहे का, असे प्रश्न विचारायचे तर तुलनेला जुना आकडा लागतोच. डीएनए येथे चिठ्ठीची जागा घेत नाही, तिची पडताळणी करतो. जुन्या नमुन्याच्या तळपायाची कातडी खरवडून लिंग तपासले की ती चिठ्ठी लिहिणारा किती काळजीपूर्वक पाहत होता हे समजते, आणि मग त्याच्या बाकीच्या आकड्यांना किती वजन द्यायचे हे ठरवता येते.

म्हणून जुन्या संग्रहांतल्या, विशेषतः मध्य प्रांतातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या, केवळ पक्ष्याचे नाव आणि ठिकाण एवढ्यापुरत्या नव्हे, तर लिंग, वृषणांचे माप, अंडाशयाची अवस्था आणि तारीख यांसह पूर्ण उतरवून सर्वांना खुल्या केल्या पाहिजेत. पावसाळ्याची पोकळी भरायला कोणताही पक्षी मारावा लागणार नाही. वडसा-कुरखेडा रस्त्यावर गाडीखाली आलेला, विजेच्या तारेला चिकटलेला, विहिरीत पडलेला पक्षी जून ते सप्टेंबरातही मिळतो. वनविभागाच्या परवानगीने आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली त्याची डावी कूस उघडून दहा मिनिटांत जे दिसते, ते साहेबांच्या दौऱ्यांत हाती लागले नाही. 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते. त्या विभागांनी वनविभागाशी मिळून हे काम हाती घ्यावे, आणि नव्या चिठ्ठीवर पक्षी ज्याने शोधून आणला त्या गावकऱ्याचे आणि ज्याने उघडला त्या विद्यार्थ्याचे नाव, त्यांच्या संमतीने, सर्वांत आधी लिहावे.